‘२५०’चे वचन : टपाल-सर्व्हरवरील स्पॅम-गाळणीचा इतिहास

टपालाने आलेले पत्र नाकारावयाचे झाल्यास त्याचे दोन मार्ग आहेत. पोस्टमन दाराशी उभा असतानाच ते परत करावे. मग त्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून ते धाडणाऱ्याकडे जाते व आपले पत्र पोचले नाही हे त्यास कळते. किंवा ते मुकाट्याने घ्यावे आणि पोस्टमन पाठमोरा होताच केराच्या टोपलीत टाकावे. या दुसऱ्या प्रकारात पत्र पोचले अशीच धाडणाऱ्याची समजूत राहते, आणि उत्तर न येण्याचा अर्थ तो आपापल्या स्वभावानुसार लावीत बसतो.

ई-मेलच्या सर्व्हरवर येणारी अनाहूत जाहिरातपत्रे, म्हणजे ज्यांना आज सर्वत्र ‘स्पॅम’ म्हणतात ती, अडविण्याची जी साधने गेल्या तीसएक वर्षांत निर्माण झाली, त्यांचा इतिहास बहुधा बुद्धिबळाच्या डावासारखा सांगितला जातो. स्पॅम धाडणाऱ्याने एक युक्ती काढली, गाळणी बसविणाऱ्याने ती ओळखली, मग पहिल्याने दुसरी काढली, असा तो क्रम असतो. हे कथन खोटे नव्हे. परंतु त्यात एक प्रश्न निसटून जातो. तो प्रश्न स्पॅम कसा ओळखला जातो हा नसून, ओळखल्यानंतर नकार कोठे दिला जातो, दाराशी की घरात, आणि ज्यास तो दिला त्यास तो कळतो की नाही, हा आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुरोधाने गाळणीच्या साधनांचा विचार करावयाचा आहे. विवेचन मुख्यतः लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या, विद्यापीठे, संशोधनसंस्था व लहान कचेऱ्या यांनी स्वतः सांभाळलेल्या सर्व्हरांपुरते ठेविले आहे. गाळणीचे बरेचसे महत्त्वाचे प्रयोग अशाच ठिकाणी झाले, आणि त्यांची साधने, म्हणजे नियमावल्या, मांडणीच्या फाइली व बदलांच्या नोंदी, उघडी राहिल्यामुळे अभ्यासकास ती वाचता येतात. एक उणीव मात्र आरंभीच मान्य केली पाहिजे. गाळणीने नष्ट केलेली पत्रे कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. जे टिकले त्याच्यावरून जे गाळले गेले त्याचे अनुमान करणे, ही इतिहासाच्या अभ्यासकाची नित्याची अडचण येथे विशेषच तीव्र आहे.

या विषयाचा पहिला लेखी उल्लेख नोव्हेंबर १९७५ मधील आहे. आर्पानेट या अमेरिकन संगणकजाळ्याचे नियम ‘आरएफसी’ या नावाच्या क्रमांकित टिपणांतून ठरत असत. त्यांपैकी ७०६ क्रमांकाच्या टिपणात जॉन पोस्टेल यांनी अशी तक्रार मांडली की, जाळ्यास जोडलेल्या संगणकापाशी निवडक संदेश नाकारण्याचे कोणतेच साधन नाही; जे काही त्याच्या नावे येईल ते सर्व त्यास वाचावेच लागते. एखादा संगणक बिघडला किंवा नुसता त्रासदायक ठरला तर त्याचे संदेश जाळ्यानेच शक्य तितक्या लवकर टाकून द्यावेत, आणि नकाराची सूचना मूळ संगणकाकडे परत पाठवावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. अवघ्या एका पानाच्या या टिपणाचे महत्त्व त्याच्या शेवटच्या अर्ध्या वाक्यात आहे असे वाटते. टाकून देणे आणि कळविणे या दोन क्रिया पोस्टेल यांनी जोडूनच कल्पिल्या होत्या.

पुढे मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतील विक्री-अधिकारी गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण आर्पानेटवरील सुमारे चारशे लोकांना एकदम धाडले. पत्ते इतके झाले की, ते ठरलेल्या जागेत न मावता पत्राच्या मजकुरात सांडले. जाळ्याच्या चालकांनी कंपनीकडे निषेध नोंदविला आणि प्रकरण तेथेच मिटले. जेथे सर्व एकमेकांस ओळखतात तेथे कानउघाडणी हीच पुरेशी गाळणी असते.

याच लहान जगात ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच ८२१ क्रमांकाचे टिपण लिहून पत्रवहनाचा नियम घालून दिला. एसएमटीपी या नावाने तो ओळखला जातो व त्याचा सांगाडा आजही कायम आहे. त्याचे स्वरूप दोन सर्व्हरांमधील संभाषणाचे आहे. येणारा सर्व्हर प्रथम आपले नाव सांगतो. मग पत्र कोणाकडून, कोणास, हे सांगतो. मग मजकूर देतो आणि केवळ एका टिंबाची ओळ धाडून तो संपल्याचे सुचवितो. प्रत्येक टप्प्यावर घेणारा सर्व्हर तीन अंकी संख्येने उत्तर देतो. पाचाने आरंभ होणारी संख्या म्हणजे कायमचा नकार, चाराने होणारी म्हणजे ‘आता नाही, थोड्या वेळाने या’, आणि टिंबानंतरची ‘२५०’ म्हणजे ‘पत्र स्वीकारले’.

या ‘२५०’चा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ती नुसती पोच नव्हे. स्वीकारलेले पत्र पुढे पोचविता आले नाही तर तसे कळविणारे पत्र तयार करून धाडणाऱ्यास पाठविले पाहिजे, असे ८२१ सांगते. ऑक्टोबर १९८९ मधील ११२३ क्रमांकाच्या टिपणात हे अधिक स्पष्ट झाले : ‘२५०’ म्हणणाऱ्या सर्व्हरने पत्राची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली आहे आणि क्षुल्लक कारणाने ते त्याने गहाळ होऊ देता कामा नये. म्हणजे पत्र पोचेल किंवा परत येईल, तिसरे काही होणार नाही, असे हे वचन होय. मात्र या वचनाच्या शेजारीच एक भाबडेपणाही बसलेला होता. धाडणारा आपला म्हणून जो पत्ता सांगेल तो खरा धरावयाचा, त्याची शहानिशा करावयाची नाही, हेही त्याच नियमात गृहीत होते. या दोन गोष्टी एकाच विश्वासातून जन्मल्या होत्या. पुढे त्या एकमेकींच्या वैरिणी झाल्या.

विश्वासाचे हे जग १९९४ च्या सुमारास मोडले. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड’ सोडतीविषयीची जाहिरात यूजनेटवरील हजारो चर्चामंडळांत एकदम टाकली. ‘स्पॅम’ हा शब्द या अर्थी त्यापूर्वीच रूढ होऊ लागला होता. तो मूळचा डबाबंद मांसाच्या एका अमेरिकन उत्पादनाचे नाव. मॉन्टी पायथन या इंग्लिश विनोदी मंडळीच्या १९७० मधील एका प्रवेशात तो इतक्या वेळा उच्चारला जातो की, दुसरे संभाषणच ऐकू येत नाही. यूजनेटवरचे हे लोण ई-मेलमध्ये यावयास वेळ लागला नाही, कारण तेथे धाडणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य असून सारा भार घेणाऱ्यावर पडतो.

त्याच सुमारास लिनक्सचा प्रसार होत होता. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी आरंभिलेली ही प्रणाली जुन्या वैयक्तिक संगणकावरही चाले, आणि तीवर एरिक ऑल्मन यांचा सेंडमेल हा टपाल-कार्यक्रम बसविला की, विभागाचा स्वतःचा सर्व्हर सिद्ध होई. पुढे केंब्रिजच्या फिलिप हेझल यांचा एक्झिम (१९९५) आणि वीट्से व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स (१९९८) हेही आले. परंतु या सर्व्हरांनी जुन्या जगातील एक सौजन्यही वारशाने घेतले होते. कोणीही आणून दिलेले, कोणाच्याही नावचे पत्र पुढे रवाना करणे हा तोवर शेजारधर्म मानला जाई. स्पॅम धाडणाऱ्यांनी या उघड्या दारांचाच उपयोग केला. सेंडमेलच्या १९९८ मधील ८.९ या आवृत्तीत हे दार प्रथमच मुळात बंद ठेवलेले मिळू लागले. शेजारधर्म हा दोष ठरावा, हा बदल तांत्रिक नोंदीत एका ओळीत संपतो. सामाजिक दृष्ट्या तो तेवढा लहान नव्हता.

गाळणीचे पहिले व्यापक साधन म्हणजे काळी यादी. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये चालू केलेली ही यादी प्रथम जाळ्यातील मार्गदर्शक यंत्रांपुरती होती. नंतर ती डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या जगद्व्यापी निर्देशिकेतून, उपलब्ध झाली. ही कल्पना मोठी चतुर आहे. १९२.०.२.१० या पत्त्यावरून कोणी पत्र घेऊन आले, तर सर्व्हर त्या पत्त्याचे चार भाग उलट्या क्रमाने लावून, त्यापुढे यादीचे नाव जोडून, ‘१०.२.०.१९२’ असे एक नाव तयार करतो आणि या नावाचा पत्ता काय, असे निर्देशिकेस विचारतो. नाव सापडले नाही तर पाहुणा स्वच्छ, १२७.०.०.२ असे उत्तर आले तर तो यादीत आहे. नवी यंत्रणा न उभारता जुन्याच निर्देशिकेस निराळा प्रश्न विचारून काम भागविले गेले. सर्व्हरच्या मांडणीत एका ओळीची भर घातली की पुरे. या सोयीमुळेच ही पद्धत इतकी पसरली.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या यादीचा विशेष असा की, नकार दाराशीच दिला जाई. मजकूर हाती घेण्यापूर्वीच पाचाने आरंभ होणारे उत्तर, आणि त्यासोबत बहुधा यादीचे नाव व कारण पाहता येईल असा दुवा. ज्याचे पत्र चुकीने अडले त्यास ते कळे आणि कोठे दाद मागावयाची हेही कळे. उलट पक्षी, हा न्याय पत्राचा नसून पत्त्याचा होता. एका भाडेकरूच्या अपराधासाठी सबंध वाडा वाळीत पडे. याद्या चालविणाऱ्या मंडळींचे निकष भिन्न होते आणि त्यांच्यावर कोणाचा अधिकार चालतो हेही ठरलेले नव्हते. लंडनमध्ये १९९८ साली स्थापन झालेल्या स्पॅमहाउस या संस्थेविरुद्ध एका जाहिरातपत्र-कंपनीने अमेरिकेत दावा लावला. संस्थेने तो अखेरपर्यंत लढविला नाही, म्हणून २००६ मध्ये तिच्याविरुद्ध १ कोटी १७ लाख डॉलरांहून अधिक भरपाईचा हुकूम झाला. २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती रक्कम तीन डॉलरांवर आणली. वाळीत टाकण्याच्या अधिकाराचे मोल न्यायदेवतेस ठरविता आले नाही, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

पत्त्याऐवजी पत्राचा न्याय करावयाचा तर ते वाचले पाहिजे, आणि वाचावयाचे तर आधी घेतले पाहिजे. येथून इतिहासाचा दुसरा कालखंड सुरू होतो. एप्रिल २००१ मध्ये जस्टिन मेसन यांनी स्पॅमॲसासिन हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. मार्क जेफ्टोविक यांच्या १९९७ मधील एका लहान गाळणीवरून त्यांस तो सुचला होता. त्याचे मूलतत्त्व परीक्षकाच्या गुणपत्रिकेसारखे आहे. विषयाची ओळ सर्व मोठ्या अक्षरांत आहे, तारीख विसंगत आहे, पत्ता काळ्या यादीत आहे, अशा शेकडो कसोट्या. प्रत्येकीस अपूर्णांकातील काही गुण, काहींना ऋण गुणही. आणि बेरीज पाचावर गेली की, पत्र स्पॅम. कोणत्या कसोटीस किती गुण द्यावयाचे हे अंदाजाने न ठरविता, आधी वर्गवारी केलेल्या पत्रांच्या मोठ्या संग्रहावर गणित करून ठरविले जाई. कोणतीही एकच खूण निर्णायक नाही, हे या पद्धतीतील शहाणपण होय.

पुढील वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये, पॉल ग्रॅहॅम यांनी एका निबंधात कसोट्या माणसाने लिहिण्याची गरजच नाही असे प्रतिपादिले. चांगली व वाईट अशी प्रत्येकी सुमारे चार हजार पत्रे घ्यावीत, कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजावे, आणि नव्या पत्रातील सर्वांत बोलक्या पंधरा शब्दांवरून बेझच्या सूत्राने संभाव्यता काढावी. त्यांच्या मोजणीत लाल रंगाचा ‘एफएफ००००’ हा संकेत कोणत्याही अश्लील शब्दाइतकाच स्पॅमचा निदर्शक ठरला. नियम लिहीत बसलेल्या माणसास हे सुचले नसते. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. मेहरान सहामी प्रभृतींनी ती १९९८ मध्येच मांडली होती. पण ग्रॅहॅम यांच्या निबंधानंतर वर्षभरात असे अनेक कार्यक्रम निघाले व फेब्रुवारी २००३ मध्ये स्पॅमॲसासिननेही ही मोजणी आत्मसात केली. गॅरी रॉबिन्सन यांनी तीत सुधारणा करताना संभाव्यतांचे एकत्रीकरण आर. ए. फिशर यांच्या रीतीने केले. संख्याशास्त्रज्ञांस यात एक गंमत दिसेल, कारण बेझच्या पद्धतीस फिशर यांचा आयुष्यभर विरोध होता आणि गाळणीत मात्र दोघे एका पंगतीस बसले. बेझच्या विचारास विसाव्या शतकात पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज प्रमुख. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे त्यांचे शिष्य, आणि पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र विभागाची उभारणी हुजूरबाजार यांनी केली. त्या विभागातून बाहेर पडलेल्यांना ग्रॅहॅम यांचे सूत्र ओळखीचे वाटले असणार.

हे सूत्र एका माणसाच्या पत्रांवर उत्तम चालते, कारण प्रत्येकाच्या पत्रव्यवहाराचा शब्दसंग्रह त्याच्या हस्ताक्षराइतका निराळा असतो. मराठी माणसास त्याचा एक आनुषंगिक लाभही झाला असला पाहिजे. रोमन लिपीत लिहिलेले ‘नमस्कार’ किंवा ‘कळावे’ हे शब्द अमेरिकन स्पॅममध्ये येण्याचा संभव नव्हता, तेव्हा असे पत्र निर्दोष ठरण्यास तो एक शब्दही मोठा आधार होता. देवनागरीची गोष्ट वेगळी. ग्रॅहॅम यांनी शब्दाची जी व्याख्या केली तीत रोमन अक्षरे, अंक व दोनतीन चिन्हे एवढ्यांचाच समावेश होता. बाकी सारे दोन शब्दांमधील मोकळी जागा. त्या व्याख्येच्या दृष्टीने ज्ञानेश्वरांपासूनचे आपले सर्व वाङ्मय म्हणजे मोकळी जागाच होय! पुढील कार्यक्रमांत ही उणीव भरून निघत गेली. भाषा ओळखणाऱ्या स्पॅमॲसासिनच्या जोडकार्यक्रमात मराठीचाही अंतर्भाव आहे.

पण एका माणसाऐवजी सबंध सर्व्हरसाठी ही गाळणी बसवावयाची म्हटले की, अडचणी सुरू होतात. स्पॅमॲसासिनची मोजणी निदान दोनशे चांगली व दोनशे वाईट पत्रे पाहिल्याशिवाय मतच देत नाही, हे योग्यच आहे. परंतु ती पत्रे कोणाची? औषधशास्त्र विभागाच्या पत्रांत औषधांची नावे असणारच, अर्थशास्त्राच्या पत्रांत कर्जाचे व्याजदर असणारच. सर्वांचा मिळून एकच संग्रह केला की, व्यक्तिगत हस्ताक्षर पुसट होते. प्रत्येकाचा निराळा ठेवावा तर निवड करून शिकविण्याचे कष्ट बहुतेक लोक घेत नाहीत. मग गाळणी आपल्याच निर्णयांवरून शिकू लागते, आणि तिच्या चुकाही तिचे पाठ होतात.

याहून महत्त्वाची अडचण वेळेची. स्पॅमॲसासिन पर्ल भाषेत लिहिलेला असल्याने एकेका पत्रास वेळ लावी. तोवर येणाऱ्या सर्व्हरला दाराशी ताटकळत ठेवणे त्या काळच्या यंत्रांना परवडणारे नव्हते. म्हणून अशी मांडणी रूढ झाली की, पोस्टफिक्सने ‘२५०’ म्हणून पत्र घ्यावे व रांगेत ठेवावे. तेथून ते १००२४ क्रमांकाच्या अंतर्गत दारातून अमाव्हिसकडे द्यावे (स्लोव्हेनियातील मार्क मार्टिनेक यांनी वाढविलेला हा मध्यस्थ कार्यक्रम विषाणुशोधक व स्पॅमॲसासिन या दोघांकडून तपासणी करवून घेई). आणि तपासलेले पत्र १००२५ क्रमांकाच्या दारातून पोस्टफिक्सकडे परत यावे. लिनक्स-सर्व्हरवर गाळणी कशी बसवावी हे सांगणाऱ्या त्या दशकातील बहुतेक मार्गदर्शिका म्हणजे या दोन दारांचेच वर्णन होय. मांडणी सुटसुटीत होती, आणि ती हजारो ठिकाणी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली.

मात्र निवाडा होईपर्यंत वचन दिले जाऊन चुकलेले असे. पत्र स्पॅम ठरले तर आता करावयाचे काय? नियमाप्रमाणे न पोचल्याची सूचना धाडावी, तर स्पॅमवरील धाडणाऱ्याचा पत्ता बनावट. सूचना जाणार ती कोणा निरपराध माणसाकडे. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग या विषाणूने असेच दुसऱ्यांचे पत्ते लावून पत्रे पसरविली, तेव्हा ‘तुमच्या पत्रात विषाणू आढळला’ अशा सूचना ज्यांनी काहीच धाडले नव्हते त्यांच्याकडे लोटल्या, आणि गाळणी हीच स्पॅमची एक नवी उगमस्थली झाली. सूचना धाडू नये, तर उरते मुकाट्याने टाकून देणे, किंवा खूण करून वेगळ्या कप्प्यात ठेवणे, जो कप्पा पुढे कोणी फारसा उघडीत नाही. १९८२ मधील वचन आणि १९८२ मधील भाबडेपणा यांचा हा प्रत्यक्ष संघर्ष होय. व्यवस्थापकांनी वचन सोडले. त्यांस दोष देता येत नाही. जॉन क्लेन्सिन यांनी संपादिलेल्या ऑक्टोबर २००८ मधील ५३२१ क्रमांकाच्या टिपणाने ही गोष्ट व्यवहारात चालते हे मान्य केले, परंतु ती अत्यंत धोक्याची आहे, पत्र पोचते किंवा परत येते या दीर्घ परंपरेचा तीत भंग होतो, असा इशाराही सोबत दिला. नियमाच्या रूक्ष भाषेत एवढी हळहळ क्वचितच आढळते.

दाराशी दिलेला नकार व घरात केलेला निवाडा यांतील भेद दोन अपघातांवरून चांगला स्पष्ट होतो. पहिला मार्च २००८ मधला. ओआरडीबी ही उघड्या सर्व्हरांची यादी डिसेंबर २००६ मध्येच बंद झाली होती. पण तिचे नाव असंख्य मांडणी-फाइलींत तसेच राहून गेले होते व त्या सर्व्हरांचे प्रश्न तिच्या दारी येतच होते. अखेर त्या नावाने प्रत्येक प्रश्नास ‘होय, यादीत आहे’ असेच उत्तर येऊ लागले. ज्यांनी ती एक ओळ काढली नव्हती त्यांच्या सर्व्हरांनी साऱ्या जगाची पत्रे नाकारली. गोंधळ मोठाच, परंतु प्रत्येक नकार धाडणाऱ्यास कळला, त्यात यादीचे नाव बहुधा होते, आणि दुरुस्ती एका ओळीची होती.

दुसरा १ जानेवारी २०१० चा. स्पॅम धाडणारे पुष्कळदा पुढली तारीख घालीत, म्हणजे पत्र पेटीत सर्वांत वर दिसे. म्हणून दूरच्या भविष्यातील वर्ष ओळखण्याची एक कसोटी स्पॅमॲसासिनमध्ये होती. तीत २०१० पासूनची सर्व वर्षे ‘दूरचे भविष्य’ म्हणून लिहिली गेली होती. कसोटी लिहिली तेव्हा ते खरेच होते. नववर्षाच्या पहाटे मात्र प्रत्येक प्रामाणिक पत्र भविष्यातून आलेले ठरले आणि बहुतेक मांडणींत त्यास तिनाहून अधिक गुण मिळाले. स्पॅम ठरावयास लागत पाच. चूक विकसनातील आवृत्तीत आधीच दुरुस्त झाली होती, पण लोक वापरीत त्या आवृत्तीपर्यंत दुरुस्ती पोचली नव्हती. नवे नियम तातडीने प्रसृत झाले. तथापि दरम्यान ज्या शुभेच्छापत्रांचे गुण पाचावर गेले, त्यांच्या धाडणाऱ्यांस ‘२५०’ हेच उत्तर मिळाले होते. पहिल्या अपघाताने किती पत्रे अडली हे धाडणाऱ्या सर्व्हरांच्या नोंदींवरून निदान तत्त्वतः मोजता येईल; दुसऱ्याची मोजदाद कोणत्याच नोंदवहीतून होणार नाही.

कायद्याने हा प्रश्न सोडवू पाहणाऱ्या प्रयत्नांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, अमेरिकेचा १ जानेवारी २००४ पासून अमलात आलेला कायदा अनाहूत पत्रास बंदी न करता अटी घालतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ६६-अ कलमाच्या एका पोटकलमात त्रास देण्याच्या किंवा उगमाविषयी फसविण्याच्या हेतूने धाडलेल्या ई-मेलचा उल्लेख होता. हे कलम प्रसिद्धीस आले ते स्पॅममुळे नव्हे, तर नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना झालेल्या अटकेमुळे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविले व त्याबरोबर ई-मेलविषयीचे पोटकलमही गेले. ‘त्रासदायक’ या शब्दाची व्याख्या गाळणीस जमली नव्हती. दंडविधानासही ती जमली नाही.

तंत्रज्ञांत मात्र नकार पुन्हा दाराशी आणण्याची खटपट चालू होती. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी सुचविलेली ‘ग्रेलिस्टिंग’ची युक्ती तिच्या साधेपणामुळे ध्यानात राहते. अनोळखी पाहुण्यास चाराने आरंभ होणारे उत्तर द्यावयाचे : थोड्या वेळाने या. खरा टपाल-सर्व्हर नियमाप्रमाणे पुन्हा येतो. घाईने लाखो पत्रे फेकणारा स्पॅम-कार्यक्रम परत फिरकत नाही. मजकूर न वाचता, कोणास वाळीत न टाकता, केवळ शिष्टाचाराची परीक्षा. किंमत म्हणजे पहिल्या पत्रास होणारा उशीर. दुसरी खटपट ‘मिल्टर’ या जोडणीची. सेंडमेलमध्ये ती आधीच होती; २००६ मध्ये पोस्टफिक्सनेही ती स्वीकारली. तिच्यामुळे टिंबाची ओळ आल्यानंतर, पण ‘२५०’ म्हणण्यापूर्वी, त्या मधल्या क्षणात पत्र वाचून निर्णय घेता येऊ लागला. यंत्रे वेगवान झाली होती. व्सेवोलोद स्ताखोव यांचा, सी भाषेत लिहिलेला आरस्पॅमडी हा कार्यक्रम याच क्षणात बसेल इतका चपळ आहे. आज नवी गाळणी बसविणारा व्यवस्थापक बहुधा हाच मार्ग धरतो. पत्र वाचून न्याय करणे आणि नकार धाडणाऱ्यास कळविणे, या दोन गोष्टी पंचवीस वर्षांनी अशा एकत्र आल्या. तांत्रिक दृष्ट्या प्रश्न सुटला असे येथे म्हणता आले असते.

परंतु तोवर टपालच स्थलांतरित झाले होते. बहुसंख्य पेट्या थोड्या मोठ्या कंपन्यांकडे गेल्या, आणि मुख्य प्रश्न ‘येणारे पत्र घ्यावे की नाही’ हा न राहता ‘आपले पत्र ते घेतील की नाही’ हा झाला. धाडणाऱ्याच्या ओळखीची शहानिशा करण्याचे तीन नियम याच काळात दृढ झाले. एसपीएफ (२००६) हा कोणत्या यंत्रांस आपल्या नावे पत्र धाडण्याचा अधिकार आहे ते निर्देशिकेत जाहीर करतो. डीकेआयएम (२००७) पत्रावर गणिती मोहोर उमटवितो. डीमार्क (२०१५) या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचे काय करावे हे सांगतो. १९८२ मधील भाबडेपणा अशा रीतीने संपला, व तो संपावयास हवाच होता. त्याचा उपसर्गही झाला. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या नावच्या संशयित पत्रांस सरसकट नकार द्यावा असे जाहीर करताच, जगभरच्या चर्चामंडळांमार्फत फिरणारी याहूच्या सभासदांची पत्रे इतर सर्व्हरांनी नाकारली. कारण मंडळाच्या सर्व्हरने पुढे धाडलेले पत्र मूळ धाडणाऱ्याचे आहे हे सिद्ध होईना. काही मंडळांच्या यंत्रणांनी वारंवार नकार येतो म्हणून निरपराध सभासदांची नावेच यादीतून कमी केली. शेजारधर्माचा हा दुसरा पराभव होय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांस हे तिन्ही नियम सक्तीचे केले, आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवण्याची अट घातली.

लहान सर्व्हरचा व्यवस्थापक हे सारे पाळू शकतो. त्यास लागणारे कार्यक्रम लिनक्सवर विनामूल्य आहेत. पण मोठ्या कंपनीचा निवाडा पत्त्याच्या लौकिकावरही चालतो, आणि रोज चाळीस पत्रे धाडणाऱ्या विभागाचा लौकिक चांगला वा वाईट ठरण्याइतका मोठा नसतो. त्याचे पत्र नाकारले गेले तर निदान कारण कळते. पुष्कळदा ते नाकारले जात नाही. ते स्वीकारून अवांछित पत्रांच्या कप्प्यात ठेविले जाते. परिसंवादाचे निमंत्रण पोचले नाही अशी तक्रार आली की, व्यवस्थापक सर्व्हरची नोंदवही उघडतो, ती तारीख व वेळ शोधतो, आणि तेथे ‘२५०’ हा आकडा स्पष्ट उमटलेला असतो. मग विभागातील कोणीतरी निमंत्रितांस दूरध्वनी करून पत्र मिळाले का, असे विचारतो.